राघूचा पिंजरा आणि संकराचा रंग



पोपट हा आपल्या घरादारातलाच पक्षी आहे असे आपण धरून चालतो. बाळाच्या पाळण्यावर लाकडी राघू-मैना टांगतात. अर्थ न समजता धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला गुरुजी म्हणतात, "ही पोपटपंची पुरे." लुगड्याच्या एका रंगाला आपण पोपटी म्हणतो. शेतकऱ्याच्या लेखी मात्र हाच राघू पेरूला चोच मारून तो अर्धा टाकून देणारा आणि ज्वारीच्या कणसावर थव्याने उतरणारा चोर. म्हणजे लाडका तोच, आणि गोफण भिरकावायची तीही त्याच्यावरच!

अशा या पक्ष्याविषयी अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. पोपटांच्या दोन निरनिराळ्या जातींची जोडी लावायची, तिच्यापासून तिसऱ्याच रंगाची पिल्ले काढायची आणि ती हौशी माणसांना भारी किमतीला विकायची, असा धंदा जगभर चालतो. हे करणे योग्य की अयोग्य? उत्तर देण्यापूर्वी माणसाचा आणि पोपटाचा संबंध कसकसा बदलत गेला, ते पाहणे बरे.

इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षांच्या आसपास क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य इराणच्या बादशहाच्या पदरी होता. त्याने हिंदुस्थानाविषयी एक ग्रंथ लिहिला. माणसासारखे बोलणारा एक पक्षी तिकडे असतो, तो तिथली भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे त्यात सांगितले आहे. पुढे इ. स. पू. ३२६ मध्ये शिकंदर पंजाबात उतरला. आपल्या रानातल्या खांद्यावर तांबडा पट्टा असलेल्या मोठ्या पोपटाला इंग्रजीत आजही त्या शिकंदराचेच नाव आहे. पक्षी आपला आणि नाव मात्र परक्या राजाचे!

आपल्याकडे पोपट पाळणे ही एक कलाच मानली होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये राघू-मैनांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. पण याच भूमीत दुसराही विचार झालेला दिसतो. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर स्तंभांवर एक आज्ञा कोरविली. कोणकोणते प्राणी मारू नयेत त्यांची यादी त्या आज्ञेत आहे, आणि यादीतले पहिले नाव आहे पोपटाचे, दुसरे मैनेचे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. शाळेत अशोकाचे शिलालेख शिकवताना शिक्षकांनी ही यादी मुलांना अवश्य सांगावी. लढाईच्या सनांपेक्षा ती त्यांच्या चांगली लक्षात राहील.

सातव्या शतकात हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने तर आपली सारी कथा एका पोपटाच्या तोंडून सांगितली. तीच कादंबरी, जिच्यावरून मराठीत आपण एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराला नाव दिले. राजाच्या दरबारात सोन्याच्या पिंजऱ्यातून एक पोपट येतो आणि स्वतःची हकीकत सांगू लागतो. विंध्याच्या रानात सावरीच्या प्रचंड झाडावर त्याचा जन्म झाला. एक म्हातारा शिकारी झाडावर चढला, ढोलीढोलीतून पिल्ले बाहेर ओढून मारून खाली टाकू लागला. बापाने पिल्लाला पंखाखाली झाकले आणि बाप मेला. पिल्लू तेवढे वाळल्या पानांच्या राशीत पडून वाचले. सोन्याच्या पिंजऱ्यातला पक्षी मूळचा कुठून येतो, हा प्रश्न बाणभट्टाने सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी आपल्यापुढे ठेवला, तो असा.

आपल्या ज्ञानोबांनीही राघूचा दृष्टांत घेतला आहे. नळीवर बसलेला राघू आपल्याच भाराने फिरतो, भिऊन नळी घट्ट धरतो आणि आपण बांधलो गेलो असे समजतो. माउलींनी तो माणसाच्या अज्ञानासाठी वापरला. पण पोपट धरण्याची ही युक्ती त्या काळी सर्वांना ठाऊक होती, हेही त्यावरून कळते.

तात्पर्य, हजारो वर्षे माणसाने पोपट रानातून धरून आणला आणि पिंजऱ्यात घातला. त्याने त्याला बोलायला शिकवले, पण त्याचे रूप बदलले नाही. पिंजरा उघडा राहिला तर राघू उडून जाई आणि रानातल्या थव्यात मिसळून जाई, कारण तो मूळचा रानातलाच होता.

ही स्थिती बदलली एकोणिसाव्या शतकात. जॉन गोल्ड नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८४० साली ऑस्ट्रेलियातून बजरीगार नावाचे लहान पोपट जिवंत विलायतेत नेले. आपल्या बाजारात ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, ते बहुधा हेच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. रानातला बजरीगार अंगाने हिरवा असतो आणि तोंडाला पिवळा. युरोपातल्या पिंजऱ्यांत त्याची वीण वाढली, आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत पिवळे व मग निळे पक्षी निपजले. लोकांनी ते निवडून वाढवले. इथे एक भेद ध्यानात घ्या. हा संकर नव्हे. एकाच जातीत आपसूक निघालेला वेगळा रंग माणसाने निवडून जपला, एवढेच. शेतकरी कणसे निवडून बियाणे ठेवतो, तसेच हे.

संकर ही त्यापुढची पायरी. आफ्रिकेतल्या लव्हबर्डांच्या एका जातीत निळा रंग निघाला. तो शेजारच्या दुसऱ्या जातीतही हवा, म्हणून हौशी लोकांनी दोन्ही जातींची जोडी लावली आणि रंग एकीतून दुसरीत आणला. दक्षिण अमेरिकेतल्या मकाव या मोठ्या पोपटांचेही तसेच. निळ्या-पिवळ्या मकावची जोडी लाल मकावशी लावली की केशरी छातीचा पक्षी निपजतो, त्याला 'कॅटलिना' असे नाव दिले. असे संकर पुष्कळदा प्रजननक्षम असतात, म्हणजे खेचरासारखे वांझ नसतात. त्यामुळे संकराचाही पुन्हा संकर होतो आणि दर पिढीला नवे नाव, नवा भाव.

या पैदाशीला जोर येण्याचे एक कारण मोठे विचित्र आहे. ते कारण म्हणजे चांगले कायदे! रानातल्या पक्ष्यांचा व्यापार आवरण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत 'साइट्स' नावाचा करार झाला, तो १९७५ साली अमलात आला आणि १९७६ साली भारत त्यात सामील झाला. १९८१ साली जवळजवळ सगळ्या पोपटांना त्याच्या यादीत घेतले. अमेरिकेने १९९२ साली कायदा करून रानपक्ष्यांची आयात बरीचशी बंद केली, युरोपने २००७ साली ती कायमची बंद केली. रानातला पुरवठा आटला, पण हौस काही आटली नाही. ती भागवायला पिंजऱ्यातली पैदास वाढली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपटांना संरक्षण मिळाले आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आपला साधा हिरवा राघू धरणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, हे खेड्यापाड्यांत आजही पुष्कळांना ठाऊक नाही. परदेशी पोपटांचे तसे नव्हते, म्हणून दुकानांत त्यांचीच गर्दी झाली. २०२२ सालच्या दुरुस्तीने मात्र साइट्सच्या यादीतले परदेशी पक्षीही कायद्याच्या कक्षेत आले. ते बाळगण्याची, त्यांच्या देवघेवीची आणि पिंजऱ्यातल्या जन्माचीही आता नोंद करावी लागते.

इथे एखादा शेतकरी बंधू विचारील, "अहो, संकरित ज्वारी आम्ही पेरतो, संकरित गाईचे दूध काढतो. मग पोपटानेच काय घोडे मारले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेतातच सापडते. १९६४ साली आपल्याकडे 'सीएसएच-१' हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. त्याचे बियाणे करताना काय करतात? नराच्या आणि मादीच्या ओळी वेगळ्या लावतात, शेजारच्या ज्वारीपासून अंतर राखतात, आणि मूळचे दोन्ही आई-बाप वाण शुद्ध ठेवतात. ते बिघडले तर पुढल्या साली संकरही मिळणार नाही. म्हणजे चांगला संकर करणारा माणूस मूळ वाणाला डोळ्यांत तेल घालून जपतो. जिथे ही काळजी घेतली नाही, तिथे काय झाले? विलायती वळूंच्या मागे लागून आपल्या डांगी, देवणी, खिल्लार गाईंची शुद्ध जनावरे कितीतरी गावांत हुडकावी लागतात. शिवाय ज्वारीच्या आणि गाईच्या संकराला भाकरीचे आणि दुधाचे कारण आहे. कॅटलिनाला कारण आहे फक्त रंगाचे.

आता मूळ जात जपली नाही तर पोपटांच्या बाबतीत काय होते, ते पहा. ब्राझीलच्या ईशान्य भागात स्पिक्स मकाव नावाचा सुरेख निळा पोपट होता. स्पिक्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१९ साली तो प्रथम मिळवला. नदीकाठची झाडे तुटली, आणि उरलेले पक्षी संग्राहकांसाठी धरले गेले. १९९० साली शोध घेतला तेव्हा रानात एकच नर उरला होता. त्याला आपल्या जातीची मादी सापडेना, म्हणून त्याने दुसऱ्या जातीच्या एका मकाव मादीशी जोडी केली. १९९५ साली पिंजऱ्यातली एक स्पिक्स मादी तिथे सोडली, पण ती काही आठवड्यांतच नाहीशी झाली. २००० साली तो नरही दिसेनासा झाला. त्याच्या जोडीतून वंश पुढे चालला नाही.

या नराला संकराची हौस नव्हती. माणसाच्या हौसेने त्याचे सगळे सोयरे नेले, म्हणून ही पाळी त्याच्यावर आली. पुढे २०२२ साली पिंजऱ्यात वाढवलेले काही स्पिक्स मकाव त्याच रानात सोडता आले, आणि रान ओळखायला सोबत म्हणून त्याच दुसऱ्या जातीचे मकावही त्यांच्याबरोबर सोडले. हे कशामुळे शक्य झाले? पिंजऱ्यातले मूठभर पक्षी शुद्ध राखले होते आणि कोण कोणाचे पिल्लू याची वही ठेवली होती म्हणून. त्यांची जोडी कोणी रंगासाठी दुसऱ्याशी लावत बसला असता, तर त्या रानात सोडायला एकही पक्षी उरला नसता.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडच्या चॅटहॅम बेटांवरचे. तिथल्या एका लहान बेटावर मेंढरांसाठी जंगल साफ केले. तिथला फोर्ब्स पोपट अगदी थोडा उरला आणि शेजारच्या लाल कपाळाच्या जातीशी त्याचा संकर होऊ लागला. मूळ जात बुडू नये म्हणून रक्षण करणाऱ्यांनाच संकरित पक्षी वेचून मारावे लागले. विचार करा, रान तोडले माणसाने आणि जीव गेला त्या बिचाऱ्या पाखरांचा. संकरित पिल्लाने जन्म मागितला नव्हता.

म्हणून संकर म्हणजे पाप, असे मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉरफोक बेटावरच्या घुबडाची १९८६ साली एकच मादी उरली होती. तिच्यासाठी न्यूझीलंडहून जवळच्या जातीचे नर आणले, आणि तिचा वंश संकराच्या रूपाने टिकला. तिथे दुसरा इलाज नव्हता. हेतू जीव वाचवण्याचा होता आणि सगळे उघड व नोंद ठेवून झाले. रंगासाठी, पैशासाठी आणि नोंदीशिवाय केलेल्या संकराची गोष्ट वेगळी. हेतू कोणता, मूळ जातीचे काय होणार, आणि जन्मलेल्या जिवाची जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे बरे-वाईट निवडता येते.

तिसरा प्रश्न फार जणांच्या लक्षात येत नाही. मोठा मकाव पन्नास वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. हौस करणाऱ्याची हौस मात्र फार झाले तर पाचेक वर्षांत फिटते. मग हा पक्षी जाणार कुठे? त्याला रानात सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे, किंवा जगला तर तिथल्या पक्ष्यांत नवा घोटाळा करणे. केनियात नैवाशा सरोवराकाठी असेच सुटलेले दोन जातींचे लव्हबर्ड एकमेकांत मिसळून गेले आहेत. ज्याच्याकडे असा संकरित पक्षी आजच आहे, त्याने त्याला शेवटपर्यंत नीट सांभाळावे, सोडू नये आणि त्याची आणखी वीण वाढवू नये. पक्ष्याचा त्यात काही दोष नाही, म्हणून त्याच्या मायेत उणे पडू नये.

खेड्यातल्या माणसाच्या हाती याहून मोठी गोष्ट आहे. मकाव ब्राझीलचे, पण राघू आपला. आजही हिवाळ्याच्या अखेरीस ढोल्यांतून राघूची पिल्ले काढून बाजारात नेतात. बाणभट्टाच्या सावरीच्या झाडावर जे घडले, तेच अजून घडते आहे. बांधावरचे जुने, पोकळ झालेले झाड सरपणासाठी पाडण्यापूर्वी त्यात कोणाचे घर आहे का, ते पहा. पिल्ले विकायला आणणारा दिसला तर विकत घेऊन 'सोडवू' नका, त्याने त्याचा धंदाच चालतो. वनखात्याला कळवा. जखमी राघू सापडला तर तोही त्यांच्याच हवाली करा. पिकावर आला तर हाकला, जरूर हाकला. तुमचे पीक राखण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आणि शिक्षकबंधूंनी मुलांना पिंजऱ्यातला राघू दाखवण्याऐवजी संध्याकाळी गावावरून जाणारा थवा दाखवावा, आणि त्यात किती राघू आहेत ते मोजायला सांगावे. दर वर्षी त्याच महिन्यात मोजून वहीत लिहिले, तर दहा वर्षांनी त्या शाळेजवळ आपल्या गावच्या राघूंचा एक खरा इतिहास तयार होईल.