वतनाची कुऱ्हाड आणि ठेक्याचे मशीन

गावात लग्न निघाले की हळकुंड फुटण्याआधी लाकूड फुटत असे. मांडवाच्या मागे बाभळीचे ओंडके पडलेले असत आणि ते फोडणारा माणूस महारवाड्यातून बोलावलेला असे. साहेबाचा मुक्काम पडला की जळण त्यानेच पुरवायचे. पाटलाच्या चुलीचे लाकूड त्याने आणायचे आणि होळीचेही त्यानेच. याला कुणी मजुरी म्हणत नसे. याचे नाव महारकी.

आपण महारकीचा इतिहास सांगतो तेव्हा मेलेली ढोरे ओढणे सांगतो, सांगावा घेऊन रात्री धावणे सांगतो, वेशीवरचा पहारा सांगतो. लाकडे फोडण्याचा उल्लेख मात्र यादीत येतो आणि पुढे सरकतो. ज्याने कधी वाळलेली बाभूळ फोडली आहे त्याला विचारा, हे काम काय असते. बाभळीच्या गाठीत कुऱ्हाड अडकते. ती काढायला पाठीचा कणा मोडतो. पाचर ठोकताना ढलपी डोळ्यात जाते. हाताला फोड येतात, फुटतात, त्यावरच पुन्हा दांडा धरावा लागतो. हे सगळे कशासाठी? ओंजळभर धान्यासाठी आणि लग्नाच्या उरलेल्या अन्नासाठी.

आज माणदेशात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जतच्या पट्ट्यात, लाकूड तोडायला चेनसॉ आले आहे. आपल्याकडे त्याला नुसते कटर मशीन म्हणतात. जे झाड पाडायला दोन माणसांचा दिवस जायचा ते आता काही मिनिटांत आडवे होते. म्हणून काही लोक म्हणतात, आता कष्ट संपले, जुने उगाळू नका. या लेखाला नेमके याच विधानाचे उत्तर द्यायचे आहे. हत्यार बदलले. हत्यार धरणाऱ्याचा करार बदलला का?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. आपल्यापैकी किती जणांनी त्याचे मर्म समजून घेतले आहे? वतन म्हणजे मान, वतन म्हणजे इनाम, असे समजणाऱ्या आपल्याच बापजाद्यांना बाबासाहेब सांगत होते की हाडकी-हाडोळ्याचा तो तुकडा म्हणजे पायातील बेडी आहे. का? कारण त्या तुकड्याच्या बदल्यात काम किती करायचे, हे ठरलेले नव्हते. दिवसाचे तास ठरलेले नव्हते. घरातला कर्ता आजारी असेल तर बायकोने, मुलाने, म्हाताऱ्या बापाने कामावर यायचे. मोबदला सरकार देणार की गाव देणार, हेही धड नव्हते. बलुते द्यायचे की नाही, हे कुणब्याच्या मर्जीवर.

विधेयकाची मागणी साधी होती. कामे कोणती ते नियमात लिहा. बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची हमी द्या. आणि ज्याला वतन सोडायचे आहे त्याला जमीन राखून त्यातून बाहेर पडू द्या. थोडक्यात तीन प्रश्न: काम किती? दाम कोण देणार? सोडून जाता येते का? सत्ताधाऱ्यांना हे तीन प्रश्न पचले नाहीत. विधेयक बाबासाहेबांना मागे घ्यावे लागले. वतने कायद्याने गेली ती पुढे १९५८ च्या निर्मूलन कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

या तीन प्रश्नांचा माणदेशाशी काय संबंध? आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ वाचा. हा माणूस पुढे वकील झाला, ‘प्रबुद्ध भारत’चा संपादक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. पण त्यांच्या आत्मकथनातला अंगावर येणारा प्रसंग आहे तो विहिरीतल्या प्रेताचा. तराळकीवर असलेले वडील उपाशीपोटी प्रेताची राखण करतात आणि पोलिसाच्या हुकमाने जीव धोक्यात घालून विहिरीत उतरतात. मुलगा वरून पाहत असतो. हे काम कोणत्या नियमात लिहिले होते? कुठेच नाही. लिहिलेले नव्हते म्हणूनच सांगता येत होते. लाकडाचेही तसेच. एक मोळी म्हणायचे आणि गाडीभर फोडून घ्यायचे.

शेजारच्या खटाव तालुक्यातले उदाहरण बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोरेगावात दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता आणि त्या कामावर रामजी बाबा खजिनदार होते. वडिलांना भेटायला १९०१ साली निघालेल्या छोट्या भीमाला मसूर स्टेशनवर काय भोगावे लागले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्या प्रसंगाची दुसरी बाजू आपण पाहत नाही. दुष्काळी काम जीवघेणे होते, तरी तिथे हजेरी होती, मजुरीचा हिशेब होता आणि तो ठेवणारा खजिनदार होता. त्याच काळात, त्याच मुलखात, गावातल्या लाकडाला ना हजेरी होती, ना हिशेब. परक्या सरकारने घामाचा हिशेब मांडला आणि गावाने मांडला नाही.

आता मशीनकडे येऊ. आंद्रेआस श्टील या जर्मन माणसाच्या कंपनीने १९२९ साली पेट्रोलवर चालणारे झाड तोडायचे मशीन आणले. वजन ४६ किलो, धरायला दोन माणसे. दुसऱ्या महायुद्धानंतर मशीन हलके झाले, एका माणसाच्या हातात आले आणि जगभरच्या जंगलांत शिरले. लाकूड भराभर पडू लागले. काही वर्षांत एक नवा आजारही दिसू लागला. मशीनचा थरथराट हातातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा मारत होता. थंडीत बोटे पांढरीफटक पडायची, बधिर व्हायची. शर्टाचे बटण लागेना, हातातली वस्तू पडू लागली. असा आजार हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या अमेरिकेतल्या दगडकामगारांत अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी १९१८ सालीच नोंदवला होता. उष्ण प्रदेशात बोटे पांढरी होणे कमी दिसते, मुंग्या आणि बधिरपणा जास्त. त्यामुळे आपल्याकडचा माणूस अशक्तपणा समजतो, तेल चोळतो आणि सकाळी पुन्हा मशीन ओढतो.

त्यात आवाजाची भर. चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या निओश संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलमध्ये कान उघडे ठेवून दिवसाला १५ मिनिटांच्या वर राहू नये. आपल्याकडे दिवसभर. कानाला काय, तर गमछा. मशीनच्या पात्याचे वरचे टोक लाकडाला टेकले तर मशीन उसळून तोंडावर येते. सावरायला सेकंदही मिळत नाही. अशा वेळी साखळी धाग्यांत गुंतवून थांबवणारी पँट असते, हेल्मेट आणि जाळी असते, पोलादी टोकाचे बूट असतात. माणदेशातल्या टोळीवर पायात चप्पल असते.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे मशीन वाईट, कुऱ्हाड बरी. अजिबात नाही. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची यंत्रविरोधी बाजू सोलून काढली आहे. यंत्र माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवू शकते, त्याला फुरसत देऊ शकते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. यंत्राचे दोष यंत्रात नसतात, ते ज्या समाजरचनेत वापरले जाते तिच्यात असतात. ज्यांच्या पूर्वजांनी कुऱ्हाडीने दुसऱ्याची लाकडे फुकट फोडली त्यांनी कुऱ्हाडीचे गोडवे गावेत, ही अपेक्षा ज्यांना कधी फोड आले नाहीत तेच करू शकतात.

मग कसोटी काय? यंत्राने वाचवलेला वेळ कुणाच्या पदरात पडला, ही कसोटी. जपानमध्ये सरकारी जंगलांतल्या कामगारांची बोटे पांढरी पडू लागली तेव्हा त्यांच्या संघटना लढल्या आणि चेनसॉ दिवसाला दोन तासांच्या वर चालवायचे नाही, अशी मर्यादा त्यांनी मिळवली. फिनलंडमधल्या सुओमुसाल्मी भागात १९७२ साली तपासलेल्या जंगल कामगारांपैकी ४० टक्क्यांना हा आजार होता. मशीनचा थरथराट कमी करणारी रचना आली, कामगारांची तपासणी सुरू राहिली आणि १९९० पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. झाडे तोडणे तिथे थांबले नव्हते. म्हणजे हात वाचवता येतात. ते वाचवायचे की नाही, हे संघटित ताकद ठरवते.

आपल्याकडे ती ताकद कुठे आहे? बांधावरची बाभूळ, लिंब आणि माळावरची वेडी बाभूळ व्यापारी उभीच विकत घेतो. तोडणारी टोळी मुकादमाची. मजुरी टनावर किंवा झाडावर. मशीन पुष्कळदा चालवणाऱ्याचेच, कर्जाने घेतलेले. साखळी तुटली तर खर्च त्याचा, बोट तुटले तर तेही त्याचे. कोळसाभट्टीवर तर रायगड-ठाण्याकडून कातकरी कुटुंबे उचल देऊन आणली जातात. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे.

आता ते तीन प्रश्न पुन्हा विचारा. काम किती? झाडे संपेपर्यंत. दाम कोण देणार? व्यापारी मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम व्यापाऱ्याकडे. सोडून जाता येते का? उचल फिटली तर. म्हणजे १९२८ चे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे उभे आहेत. वतन गेले, वतनाची रीत ठेक्यात राहिली.

मशीन धरणारा आज एकाच जातीचा असतो, असे मी म्हणत नाही. भूमिहीन माणूस कोणत्याही जातीचा असो, त्याच टोळीत येतो. पण जातीने श्रमिकांचीच वाटणी केली आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले ते इथे डोळ्यांनी दिसते. कातकरी भट्टीवर, मागासवर्गीय टोळीत, गरीब मराठा ट्रॅक्टरवर. एकाचा हात कापला की दुसरा म्हणतो, तो आपला नव्हे. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे मनमाडला १९३८ साली रेल्वे कामगारांना सांगितले गेले. ते मुकादमाच्या टोळीलाही तितकेच लागू आहे.

कायदा नाही असे नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत झाडे तोडण्याच्या कामाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्या मूळ मालकावरही त्या कायद्याने जबाबदारी टाकली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला गेला. दुसरीकडे महाराष्ट्रात झाडतोडीच्या नियमनाचा कायदा १९६४ पासून आहे. ठरावीक जातींची झाडे तोडायला परवानगी लागते. अर्जात झाडाची जात लिहावी लागते. ते झाड कोण तोडणार, त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, त्याचा हात गेला तर जबाबदार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. झाडाची नोंद आहे, माणसाची नाही. वनसंरक्षणावर भाषण करणारे शहरी मित्र तोडणाऱ्यालाच खलनायक ठरवून मोकळे होतात. सौदा करणारा फोटोत येत नाही.

चूक आपलीही आहे. वतन गेले आणि आपल्याला वाटले, श्रमाचा प्रश्न सुटला. जयंतीला मिरवणूक निघते. त्याच वस्तीतल्या माणसाची दोन बोटे गेल्या हंगामात गेली, हे आपल्याला ठाऊक असते आणि भरपाईचा अर्ज कुणी लिहिलेला नसतो. अपघातानंतर दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून यंदा प्रत्येक मंडळाने एक काम करावे. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून लाकडाच्या महारकीच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ते गेले की हा इतिहास जाईल. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला आज मशीन चालवणाऱ्यांची नावे लिहावीत: किती तास चालवतो, हाताला मुंग्या येतात का, ऐकू किती येते, उचल किती, व्यापारी कोण. कुणाला इजा झाली असेल तर तारीख लिहून अर्ज करावा. वहीच्या दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचल्या की १९२८ चे विधेयक का मांडले होते ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जय भीम.