४७० व्होल्ट मोजायचे कसे?

स्पाइक गार्डवाल्या एक्स्टेंशन बोर्डात बटणासारखी एक चपटी चकती असते, बहुतेक वेळा निळी. तिच्यावर समजा '१४डी४७१' लिहिलं असेल, तर व्यास १४ मिलिमीटर आणि ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. तोवर ही चकती बंद दारासारखी. व्होल्टेज त्यापुढे उसळलं की दार सताड उघडतं, जादा करंट तिच्यातून निघून जातो आणि पीसी वाचतो. हाच व्हॅरिस्टर. पण भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकला ४७० हा आकडा कळतो कसा?

पूर्वी हे काम सिलिकॉन कार्बाइड करायचं, पण ते दार नीट लागतच नसे. १९७१ साली जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या (२००८ पासून पॅनासॉनिक) मिचिओ मात्सुओका यांनी नवं मिश्रण प्रसिद्ध केलं: झिंक ऑक्साइड, आणि त्यात बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज, क्रोमियम, अँटिमनी यांची ऑक्साइडं चिमूट चिमूट. फरक बघा. व्होल्टेज १० टक्के वाढलं तर सिलिकॉन कार्बाइडमधला करंट साधारण दीडपट होतो. मात्सुओकांच्या चकतीत शंभरपट!

गंमत कणांमध्ये नाही, दोन कणांमधल्या सीमेत आहे. प्रत्येक सीमा साधारण ३ व्होल्ट अडवते. म्हणजे ४७० व्होल्टसाठी वाटेत दीडएकशे सीमा हव्यात. त्या मोजून बसवता येत नाहीत, कण किती वाढू द्यायचे एवढंच हातात असतं.

भट्टी १२०० अंशांच्या आसपास. बिस्मथ ऑक्साइड त्याच्या कितीतरी आधीच, सव्वाआठशेच्या सुमारास वितळतं आणि त्या द्रवात मोठा मासा लहान माशाला खातो तसे मोठे कण लहानांना गिळत सुटतात. अँटिमनीमुळे मात्र स्पिनेलचे बारीक स्फटिक तयार होतात आणि ते सीमा अडवून धरतात. थोडक्यात, बिस्मथ ॲक्सिलरेटर, अँटिमनी ब्रेक.

मग कमी व्होल्टेजचं काय? २१ व्होल्टसाठी सातच सीमा लागतात. १० मायक्रॉनच्या कणांची तशी चकती एक दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ होईल, हातात घेताच मोडेल. म्हणजे इथे कण मोठेच हवेत. १९८३ साली एदा, इनादा आणि मात्सुओका यांनी उपाय मांडला: आधीच वाढवलेले मोठे कण पावडरीत मिसळायचे. दुधाला विरजण लावतात ना, अगदी तसंच :)

पण खरी मेख पुढेच आहे. कण सरासरीने बरोबर असून भागत नाही. चकतीत कुठे चार कण जास्त फुगले, तर त्या वाटेवर सीमा कमी पडतात, सगळा करंट तिथूनच घुसतो आणि तेवढी जागा तापून चकती फुटते. सर्व्हरचा सरासरी लोड बघून निर्धास्त झोपणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!