मानसोपचार, महाराष्ट्रातील

प्रशिक्षित उपचारक व रुग्ण यांच्यातील योजनाबद्ध संभाषण आणि सराव यांद्वारे मनोविकारांवर केला जाणारा इलाज म्हणजे मानसोपचार होय. तो औषधांशिवाय किंवा औषधांच्या जोडीने केला जातो. रुग्णाने आपले दुःख स्वतःच्या शब्दांत सांगणे हा त्याचा पाया असल्याने रुग्णाची भाषा आणि उपचारकेंद्राचे अंतर यांना येथे विशेष महत्त्व येते.

ब्रिटिश अमदानीत मनोरुग्णांसाठी नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) व येरवडा येथे इस्पितळे निघाली. तीव्र विकाराच्या रुग्णास समाजापासून अलग ठेवणे हा त्यांचा प्रमुख हेतू होता. भंडारा जिल्ह्यातील साकोली परिसराला त्यांपैकी जवळचे इस्पितळ नागपूरचे, तेही सु. १०० किमी. दूर. चिंता, भयगंड, खिन्नता यांसारख्या विकारांनी त्रस्त, परंतु घरी राहून काम करणाऱ्या व्यक्तींची सोय या व्यवस्थेत नव्हती. ती मुंबईत प्रथम झाली. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढले व १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात मानसचिकित्सेचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला.

संशोधनाच्या दृष्टीने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील एन. एस. वाहिया व त्यांचे सहकारी यांचे कार्य उल्लेखनीय आहे. पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान अशी पाच पायऱ्यांची उपचारपद्धती त्यांनी १९६६ पासून शोधनिबंधांद्वारे मांडली. काही रुग्णांना संपूर्ण उपचार, तर इतरांना केवळ बाह्यतः तसाच दिसणारा व्यायाम देऊन त्यांनी तुलना केली. संपूर्ण उपचार घेणाऱ्यांत सुधारणा अधिक आढळली. परंपरेचा गौरव करून न थांबता तिला कसोटी लावली, हे या कार्याचे वैशिष्ट्य होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा प्रसार कि. मो. फडके यांनी केला, तर ठाणे येथे आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये मानसिक आरोग्यविषयक संस्था स्थापन झाली.

तज्ज्ञ प्रायः शहरांत एकवटलेले असल्याने उपचार तज्ज्ञांनीच केले पाहिजेत काय, हा प्रश्न पुढे आला. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने (स्थापना १९९६) त्याचा प्रयोगाने शोध घेतला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र खिन्नतेच्या रुग्णांना स्थानिक, प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. खिन्नतेमुळे सुटलेली कामे व गाठीभेटी क्रमाने पुन्हा सुरू करणे, हे त्यांचे सूत्र होते. तीन महिन्यांनंतर अशा उपचाराने ६४ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण विकारमुक्त आढळले (२०१७). विदर्भातील अमरावती जिल्ह्याच्या तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात खिन्नतेवर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेले. मात्र तेथे तुलनेसाठी वेगळा गट नव्हता; म्हणून ही वाढ सर्वस्वी कार्यक्रमामुळेच झाली, असे म्हणता येत नाही.

या प्रयोगांवरून दोन निष्कर्ष निघतात. गावातील परिचित व्यक्ती लोकांच्या बोलीत परिणामकारक मानसोपचार देऊ शकते. तथापि त्यासाठी प्रशिक्षण, तज्ज्ञांची देखरेख व परिणामांचे नियमित मोजमाप आवश्यक असते. भारत सरकारने १९८२ मध्ये राष्ट्रीय व १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. साकोलीसारख्या तालुक्यांना त्याचा लाभ किती, हे गोळ्यांच्या वाटपाबरोबरच रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणारी प्रशिक्षित व्यक्ती आरोग्य केंद्रात आहे की नाही, यावरून ठरते.