एरुळकर

आडनावाला 'कर' लागला की गाव शोधायला लागायचं, ही आपली जुनी खोड. एरूळचे ते एरुळकर. पण या घराण्यातली माणसं भेटतात ती अब्राहम, डेव्हिड, सॉलोमन अशी, कारण एरुळकर हे बेने इस्राएलांचं आडनाव.

कोकणातल्या या ज्यूंची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ते गावोगाव पांगले आणि घाणा चालवू लागले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी घाणा बंद म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं मात्र त्यांनी शेजाऱ्यांसारखीच घेतली: किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर. दिवेकर ब्राह्मणही आहेत, तेव्हा नुसत्या 'कर'वरून धर्म ओळखायला जाऊ नये! दिवेआगर, पेण ही नावाजलेली ठिकाणं. एरूळचं नाव कोणाच्या कानावर असणार? त्या मानाने आडनावही मोजक्याच घरांत राहिलं.

ही घरं कोकणातून बाहेर पडली ती नोकरी-शिक्षणासाठी, मुंबईला आणि अहमदाबादला. अहमदाबादचं मागेन अब्राहम सिनेगॉग 1934 साली उभं राहिलं, त्याला एरुळकरांची देणगी होती. 1916 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा जिनांच्या जोडीला वकील म्हणून एक एरुळकर उभे होते. डॉ. अब्राहम सॉलोमन एरुळकर गांधीजींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी. स्वातंत्र्यचळवळीच्या इतक्या जवळ वावरलेलं हे आडनाव आज मराठी माणसालाही परकं वाटतं, याचं मला नवल वाटतं.

1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. लोद, अश्दोद, बीरशेबा इथे आजही 'कर' असलेली आडनावं सापडतात, कोकण कधीच न पाहिलेल्या नातवंडांचीसुद्धा.

डॉ. अब्राहम एरुळकरांच्या लेकीची वाट मात्र वेगळी. लीला एरुळकर लंडनला गेली, बीबीसीत काम करू लागली आणि 1947 साली तिने ग्लाफ्कोस क्लेरिडिस या सायप्रसच्या तरुणाशी लग्न केलं. तो आधी ब्रिटिश हवाई दलात होता. 1993 ते 2003 तो सायप्रसचा राष्ट्राध्यक्ष होता. तोवर 'कर' गळून पडला होता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचं नाव लीला क्लेरिडिस. 'लीला' तेवढं इकडचं उरलं.