समास, लेखणी आणि मोठ्या पडद्याचा ई-रीडर

वाचन आणि टिपणे या दोन्ही कामांस उपयोगी पडेल असा मोठ्या पडद्याचा ई-रीडर विभागाने घ्यावा की काय, आणि घ्यावयाचा तर कोणता, असा प्रश्न गेल्या सत्रात सहकाऱ्यांच्या चर्चेत निघाला. चर्चा प्रायः किमतीभोवती फिरली. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा या यंत्राच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. तो इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

आरंभ आपल्या पोथीपासूनच केला पाहिजे. पानाच्या कडेस सोडलेल्या कोऱ्या जागेस आपण 'समास' म्हणतो, आणि तोच शब्द पदांच्या जोडणीसही लावतो; मूळ मजकूर आणि वाचकाची टीप यांचा समास समासातच होतो, असे एखाद्या वैयाकरणाने विनोदाने म्हटले तर त्यास दोष देता येणार नाही. जुन्या लेखकांनी ही जागा मोठ्या विचाराने वापरली आहे. त्रिपाठ पोथीत मूळ मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत असते. पंचपाठ पोथीत ती दोन्ही बाजूंच्या समासांतही उतरते. गळलेले अक्षर हंसपादाची खूण करून कडेस लिहीत, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फाशीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तेथलाच होय. सारांश, वाचता वाचता पानावर लिहावे लागणार हे पोथीचे पान आखणारास ठाऊक होते. यंत्राचे पान आखणारास ते कळावयास पुष्कळ काळ लागला.

वास्तविक कल्पना जुनी होती. व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४५ साली 'मेमेक्स' नावाच्या एका काल्पनिक वाचनयंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. वाचकाचा सारा ग्रंथसंग्रह सूक्ष्मपटावर एका मेजात साठवावा आणि हवे ते पान पडद्यावर आणावे, अशी ती योजना होती. त्या पानावर वाचकास समासटिपा लिहिता याव्यात, आणि त्यासाठी टेलॉटोग्राफसारखी लेखणी योजता येईल, असेही त्याने सुचविले होते. टेलॉटोग्राफ म्हणजे हस्ताक्षर तारेने दूर पाठविणारे यंत्र; एलिशा ग्रे याने त्याचे पेटंट १८८८ मध्ये घेतले होते. म्हणजे वाचनयंत्राच्या पहिल्या प्रसिद्ध आराखड्यातच लेखणी होती.

परंतु प्रत्यक्ष यंत्र निघाले ते लेखणीवाचून. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधील जोसेफ जेकबसन व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली ई-इंक ही कंपनी स्थापिली, आणि १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये त्या शाईचे वर्णन प्रसिद्ध झाले. अतिसूक्ष्म कुप्यांत तरंगणारे कण विद्युद्भाराने वरखाली होतात आणि पृष्ठावर काळे-पांढरे उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकविण्यास वीज लागत नाही, आणि पडदा कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचता येतो. सोनीने २००४ मध्ये जपानात या पडद्याचा 'लिब्रिए' विकावयास काढला. त्याचा पडदा ६ इंची होता, आणि पुढे अनेक वर्षे तेच माप रूढ झाले. कादंबरीस ते पुरेसे आहे. कादंबरीच्या समासात सहसा कोणी लिहीत नाही.

विद्यापीठीय वाचनाची खरी परीक्षा २००९ साली झाली, आणि ती येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. त्या वर्षी अॅमेझॉनने ९.७ इंची पडद्याचा 'किंडल डीएक्स' ४८९ डॉलर किमतीस काढला आणि अमेरिकेतील काही निवडक विद्यापीठांत व महाविद्यालयांत तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. पडदा मोठा केला की पाठ्यपुस्तक त्यात मावेल आणि कागद आपोआप मागे पडेल, अशी अपेक्षा होती. टिपांसाठी यंत्राच्या तळाशी बारीक कळा होत्या. त्या कळांवर लिपी रोमनच. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी संगणकशास्त्राच्या ३९ पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे वाचन महिनोन् महिने पाहिले. सात महिन्यांनंतर त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी अभ्यासाच्या वाचनासाठी हे यंत्र नियमितपणे वापरणे सोडून दिले होते. कागदावर वाचताना यांतील सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी अधोरेखन करीत, आकृत्या काढीत, समासात लिहीत. यंत्र न सोडणाऱ्यांपैकी काहींनी जी युक्ती काढली ती मोठी बोलकी आहे: टिपा लिहिण्यासाठी त्यांनी यंत्राच्या वेष्टनात कागदाचा एक तुकडाच खोवून ठेवला होता. समास नाकारणाऱ्या यंत्रास वाचकाने आपल्या हाताने समास जोडला, असेच याचे वर्णन करावे लागेल. (अंध विद्यार्थ्यांस या यंत्राच्या सूची वापरता येत नाहीत म्हणून अॅरिझोना राज्य विद्यापीठावर त्याच वर्षी दावाही झाला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण सार्वजनिक पैशाने खरेदी करणाऱ्या विभागाने तो विसरू नये.)

आता आपल्याकडील ग्रंथांचा विचार करू. इंग्रजी कादंबरीचा मजकूर यंत्र हवा तसा मोडून पुन्हा जुळविते, म्हणून लहान पडदाही चालतो. मराठीच्या अभ्यासकास लागणारे बहुतेक जुने ग्रंथ मात्र पानांच्या छायाप्रतींच्या रूपाने मिळतात; त्यांतले पान हे एक चित्र असते, आणि चित्र मोडून जुळविता येत नाही. म्हणून येथे माप निर्णायक ठरते. आपले डेमी आकाराचे पुस्तक सुमारे १४० × २१६ मिलिमीटरचे असते. १०.३ इंची पडदा साधारण १५७ × २१० मिलिमीटर भरतो. त्यात डेमी पान जवळजवळ मूळ मापात बसते. ए-४ आकाराचा प्रबंध त्याच पडद्यावर सुमारे ७० टक्क्यांवर येतो, म्हणजे १० पॉइंटचे अक्षर ७ पॉइंटचे होते. १३.३ इंची पडद्यावर, जो साधारण २०३ × २७० मिलिमीटरचा असतो, तेच पान ९० टक्के राहते. रोमन अक्षर ७ पॉइंटांत कसेबसे वाचता येते. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षराचा खालचा अवयव हे मुळातच अक्षराच्या अल्पांशाने लहान. जुन्या छपाईच्या अस्पष्ट प्रतीत ते प्रथम नाहीसे होतात. अनुस्वार आहे की कागदावरचा डाग, या प्रश्नावर ज्याचा निष्कर्ष अवलंबून आहे, त्याने पडद्याच्या मापात काटकसर करू नये. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीचे दोन स्तंभांचे पान ६ इंची पडद्यावर उघडून पाहिले म्हणजे अधिक विवेचनाची गरज राहत नाही.

लेखणीचा प्रयत्न मधल्या काळात झाला नव्हता असे नाही. फिलिप्समधून निघालेल्या आयरेक्स या डच कंपनीने २००६ मध्येच ८.१ इंची 'इलियाड' लेखणीसह आणला होता; ती कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. सोनीने २०१३ च्या अखेरीस १३.३ इंची, ३५८ ग्रॅम वजनाचे यंत्र जपानात काढले. ते केवळ पीडीएफ वाची, पण त्यावर हाताने लिहू देई. 'रिमार्केबल' २०१७ मध्ये आला, 'किंडल स्क्राइब' २०२२ मध्ये. या शेवटच्या यंत्रात पुस्तकाच्या पानावर थेट लिहिता येत नसे. टीप वेगळ्या चिठ्ठीत जाई. पुस्तकाच्या कडेस उघडता-मिटता येणाऱ्या समासाची सोय जाहीर झाली ती २०२४ मध्ये. पंचपाठ पोथी लिहिणारास याचे काही विशेष वाटले नसते.

हाताने लिहिण्याची सोय आम्हां भाषाभ्यासकांस दुहेरी महत्त्वाची आहे. एकाच टिपेत देवनागरी, मोडी आणि ध्वनिलिपीची चिन्हे आम्हांस लागतात. कळफलक त्यांपैकी एका वेळी एकच देतो. लेखणीस लिपीचे बंधन नाही.

तथापि लेखकाचा स्वतःचा अनुभव येथे नोंदविणे इष्ट होईल. काही वर्षांपूर्वी अशाच एका यंत्रावर अहिराणीच्या शब्दसंग्रहावरील दोन वर्षांच्या टिपा साठल्या होत्या. यंत्र दुरुस्तीस गेले आणि स्मृती कोरी होऊन परत आले. ग्रंथ दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळाले. टिपा मिळाल्या नाहीत. दोष अर्थात निष्काळजी मालकाचाही होता. पण त्या टिपा मूळ ग्रंथाच्या पीडीएफमध्ये न राहता त्या यंत्रासच कळणाऱ्या निराळ्या रूपात होत्या, ही गोष्ट पूर्वी कधी तपासावीशीही वाटली नव्हती. पोथीतील समासटीप पोथीबरोबर हस्तांतरित होते. तिचा लेखक गेला, पोथी विकली गेली, तरी ती राहते. यंत्र बनविणारी कंपनी मात्र चार वर्षांत बुडू शकते, हे आयरेक्सने दाखविलेच आहे.

तेव्हा विभागाने १३.३ इंची मापाचे यंत्र घ्यावे असे माझे मत आहे. निधी अपुरा पडल्यास १०.३ इंची घ्यावे, आणि त्यावर प्रबंध तपासण्याचे काम करू नये. रंगीत पडद्यासाठी आज अधिक पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. पैसे देण्यापूर्वी मात्र एक प्रयोग अवश्य करावा. मोल्सवर्थचे एक पान आणि मोडी कागदाची एक छायाप्रत यंत्रात घालावी, दोहोंच्या समासात चार ओळी लिहाव्यात, त्या फायली बाहेर काढून विभागातील जुन्या संगणकावर उघडाव्यात. त्या चार ओळी तेथे जागच्या जागी दिसल्या तरच बिलावर सही करावी.