टिळक दांपत्याचें लेखनगृह : दिनचर्या, सण आणि कागद

येवल्याच्या शाळेंत आम्ही संस्कृत व मराठी हे विषय शिकवीत होतों, त्या काळची गोष्ट. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तील एक उतारा वर्गांत वाचून झाला होता. मागच्या बाकावरील एका विणकराच्या मुलीनें उठून विचारलें, "सर, घरांत इतकीं माणसें असतां या बाई लिहीत तरी केव्हां?" आम्हीं कांहीं तरी उत्तर देऊन तास संपविला. मागाखालच्या खड्ड्यांत पाय सोडून बसणारा बाप आणि त्याच माजघरांत रांधणारी आई पाहिलेल्या मुलीचा तो प्रश्न होता. तो खरा इतिहासाचा प्रश्न आहे हें कळण्यास आम्हांस सेवानिवृत्ति यावी लागली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नास दिलेलें उशिराचें उत्तर होय.

येवल्याचें नांव इतिहासांत तीन कारणांनीं येतें : पैठणी, तात्या टोपे यांचें जन्मस्थान, आणि ता. १३ ऑक्टोबर १९३५ ची परिषद. या परिषदेंत डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. धर्मांतराचा प्रश्न त्या दिवशीं येवल्याच्या मैदानांतून सर्व देशांत गेला. त्याच सुमारास, याच जिल्ह्याशीं जन्मापासून बांधलेली एक वृद्ध स्त्री आपल्या घरांत झालेल्या धर्मांतराची हकीकत भाग-भागांनीं छापून देत होती. तें धर्मांतर १८९५ सालचें, म्हणजे येवल्याच्या घोषणेच्या बरोबर चाळीस वर्षें आधींचें. घोषणेची तारीख सर्वांस पाठ आहे. परंतु धर्म बदलल्यावर चूल कशी पेटते, पाणी कोण भरतें, सण कसा होतो आणि त्या गडबडींत कविता कशी लिहिली जाते, हें सांगणारा कागद महाराष्ट्रांत फार विरळा. 'स्मृतिचित्रें' हा असा कागद आहे.

आतां व्यक्तींचा थोडा परिचय देतों. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ राहून त्यांनीं संस्कृताचा अभ्यास केला. लक्ष्मीबाई या गोखल्यांच्या कन्या. त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकाजवळील जलालपूर गांवचा, व विवाह वयाच्या अकराव्या वर्षींचा. टिळक एका ठिकाणीं फार दिवस रमत नसत. शिक्षक, कीर्तनकार, पंडित अशा नाना नात्यांनीं ते गांवोगांव फिरले. आगगाडीच्या प्रवासांत एका गोऱ्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली व त्या वाचनाचा शेवट ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेण्यांत झाला. पुढील सुमारें पांच वर्षें पति-पत्नी दुरावलीं. नंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) आल्या व १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला.

आमच्या येवल्याचा या कथेशीं संबंध वाटेचा आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. नगर, राहुरी, कोपरगांव, येवलें, मनमाड अशीं स्थानकें या मार्गावर ओळीनें लागतात. टिळकांचा संसार ज्या दोन टोकांमध्यें ताणला गेला, त्यांपैकीं नाशिक हें माहेराचें व जुन्या आचाराचें टोक, आणि नगर हें मिशनचें, छापखान्याचें व नव्या मंडळीचें टोक. या दोहोंमधील लोखंडी वाट येवल्यावरून जाते. आमच्या स्थानकावर उभे असतां आम्हांस हा इतिहास परक्याचा वाटत नाहीं, याचें कारण एवढेंच.

टिळक ज्या ख्रिस्ती वाङ्मयपरंपरेंत शिरले ती तेव्हांच जुनी झालेली होती. गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ सालीं अहमदनगरास निघालें. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ सालची, व त्यांचें 'अरुणोदय' हें आत्मवृत्त १८८८ सालचें. म्हणजे छापण्यास जागा होती, वाचणारी मंडळी होती, आणि हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर ख्रिस्तचरित्र सांगण्याचा प्रघातहि कृष्णराव सांगळे यांनीं नगरकडे पाडलेला होता. टिळकांनीं या परंपरेस काय दिलें? मराठी ख्रिस्ती माणसास प्रार्थनेसाठीं अनुवादाची भाषा न वापरतां तुकोबांच्या वळणाची भाषा दिली. अभंग, पद, आरती या घरच्या सांच्यांत त्यांनीं शेंकडों गीतें केलीं. तीं 'उपासना संगीता'च्या द्वारें महाराष्ट्रांतील मंडळ्यांत रुळलीं व अद्यापि गायिलीं जातात.

आतां दिनचर्येकडे वळूं. टिळकांच्या घराचें दार बंद नसे. पोरकीं मुलें, विद्यार्थी, नवे ख्रिस्ती, होतकरू कवि, सर्वांस तेथें पान वाढलें जाई. १९०७ सालीं जळगांवास भरलेल्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलानें सर्वांचें लक्ष वेधलें. तेथेंच त्यास 'बालकवि' ही पदवी मिळाली व पुढें तो टिळकांच्या घरींच मुलासारखा राहिला. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहींत व त्यांस कोणीं तसें व्हावयास लाविलेंहि नाहीं. एका घरांत एक पाद्री-कवि, एक ब्राह्मण बालकवि, आणि अक्षरओळख नवऱ्याकडून उशिरां झालेली एक गृहिणी, असें हें त्रिकूट होतें. ठोमरे १९१८ सालीं व टिळक १९१९ च्या मे महिन्यांत वारले, तेव्हां या घरांत लिहिणारें असें एक लक्ष्मीबाईच उरल्या.

टिळकांचें लेखन नेमून दिलेल्या कामाचेंहि होतें. १९१२ पासून मृत्यूपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे ते संपादक होते. अंकाचा दिवस कोणासाठीं थांबत नाहीं. त्यांच्या हातीं आलेला पैसा मात्र टिकत नसे. देणें हा त्यांचा स्वभाव, व उद्यांची भाकरी कोठून येईल ही विवंचना बायकोची. लक्ष्मीबाईंनीं या स्वभावाचें वर्णन रागानें केलेलें आहे व कौतुकानेंहि, आणि दोन्हीं एकाच वाक्यांत आणण्याची हातोटी त्यांस साधली आहे. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याजवळ राहावयास आल्यावरहि प्रथम त्यांनीं आपलें सोवळें व आपला स्वयंपाक निराळा ठेविला होता. तो आग्रह कसा सुटला हें त्या सांगतात, तेव्हां वाद किंवा वचनांचा आधार त्या घेत नाहींत. घडा, पाणी, भाकरी व शेजारीण यांच्या गोष्टी सांगतात. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनें ही साक्ष अमोल आहे, कारण ती साक्ष म्हणून रचलेली नाहीं.

मग त्या लिहीत केव्हां? 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालीं. त्यांतील प्रकरणें आंखूड, स्वतंत्र, एका बैठकींत सांगून संपणारीं आहेत. वाक्य बोलण्याचें आहे. ओट्यावर बसलेल्या बाईनें दुसरीस सांगावें तसें. यावरून आमचें अनुमान असें कीं, ज्या स्त्रीस दिवसाचा सलग प्रहर कधींच मिळाला नाहीं, तिनें हातीं येणाऱ्या तुटक वेळांच्या मापाचाच ग्रंथ रचिला. विणकर जसा दिवसास वीत-दीड वीत पदर काढतो, मध्यें उठतो, पुन्हा त्याच धाग्यापाशीं येऊन बसतो, तसें हें लेखन. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथाच्या बांधणींतच होतें. आम्ही मात्र तो शिकवितांना आशयच पाहत होतों.

लहान लहान उत्सवांचेंहि तसेंच आहे. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाचा फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चिवडा, लाडू. दिवाळी आणि नाताळ यांची पाककृति एकच. टाळ-मृदंगावर भजन होतें व सुगीच्या सणास शेतकरी आपल्या मालाचा पहिला वांटा देवळांत आणतो. अशा प्रसंगांस नवीं पदें लागतात. बारशास, लग्नास, कोणी निवर्तल्यास, मंडळीच्या मेळाव्यास, गांवांतल्या कोणा शिक्षकानें किंवा उपदेशकानें चार कडवीं जुळवावीं, तीं एका कागदावर उतरावीं, संध्याकाळीं गावीं, आणि तो कागद वहीच्या पानांत ठेवावा, असा हा प्रघात. टिळक याच प्रघाताचें शिखर होत. शिखर सर्वांस दिसतें. खालचा डोंगर मात्र रद्दीच्या भावानें गेला.

येथें संग्राहकांचें लक्ष एका पाठचिकित्सेच्या मुद्द्याकडे वेधूं इच्छितों. टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य आरंभिलें, पण आरंभींचे थोडे अध्याय होऊन तें अपुरें राहिलें. लक्ष्मीबाईंनीं चौसष्ट अध्यायांची भर घालून तें पुरें केलें व १९३८ सालीं, त्यांच्याहि मृत्यूनंतर, तें प्रसिद्ध झालें. लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारींत नाशिकास निवर्तल्या. 'स्मृतिचित्रां'चा शेवटचा भाग त्यांच्या पश्चात् चिरंजीव देवदत्त यांनीं पुरा केला. संस्कृतज्ञांस बाणाची 'कादंबरी' आठवेल. ती बाणपुत्रानें पूर्ण केली व पूर्वभाग-उत्तरभाग अशी खूण परंपरेनें जपून ठेविली. टिळकांच्या एका घरांत असे दोन उत्तरभाग झाले. पतीचें काव्य पत्नीनें, व मातेचें गद्य पुत्रानें. प्रमाणाकडे पाहतां 'ख्रिस्तायना'चा बहुतांश लक्ष्मीबाईंचा आहे. असें असूनहि सामान्य वाचक तो ग्रंथ टिळकांचाच म्हणून ओळखतो. कोणता हात कोठें संपतो व कोठें सुरू होतो हें सांगणारे हस्तलिखित कागद यासाठींच मोलाचे असतात. लक्ष्मीबाईंच्या नातवानें 'स्मृतिचित्रां'ची सटीप आवृत्ति सिद्ध करून या दिशेनें मोठें काम केलें आहे.

कागद गेल्यास काय होतें याचें उदाहरण 'ख्रिस्तपुराण' हेंच. त्याच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें. त्यांवरून सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत आवृत्ति काढली. पुढें जस्टिन अॅबट यांस लंडनच्या मार्सडेन संग्रहांत देवनागरी पोथी आढळली, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं निघाली. छापखान्यानें जें गमावलें तें नकलकारांनीं राखलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ केवळ अनाम माणसांच्या फावल्या वेळांतील अक्षरावर तरला, हें आम्हां संग्राहकांस भूषणावह आहे व इशाराहि आहे.

इशारा म्हणण्याचें कारण सांगण्यास संकोच वाटतो, तथापि सांगितलें पाहिजे. तीस वर्षांमागें एका वृद्ध ख्रिस्ती शिक्षकानें आम्हांस आपल्या वडिलांच्या वह्यांचें एक बोचकें दाखविलें. त्यांत हातानें लिहिलेलीं भजनें, खोडाखोडी केलेलीं पदें, व मागील पानांवर किराण्याचा हिशेब होता. आम्ही त्या काळीं मोडीच्या सनदा व महानुभावांच्या पोथ्या शोधण्यांत गर्क होतों. "हें मिशनचें आहे, तिकडेच द्या," असें म्हणून आम्हीं तें परत केलें. कांहीं वर्षांनीं मन बदललें व आम्ही त्या घरीं गेलों, तों ते गृहस्थ वारले होते व बोचकें रद्दींत गेलें होतें. त्यांतील पदें चांगलीं होतीं कीं सामान्य, हें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं. सनद परत करण्याची चूक आम्हीं कधीं केली नसती.

या चुकीमागें एक समज होता : धर्म बदललेल्या मराठी माणसाचा कागद मराठी इतिहासाचा नव्हे, मिशनच्या इतिहासाचा. टिळकांचें उदाहरण हा समज समूळ खोटा ठरवितें. संस्कृताचें शिक्षण नाशिकच्या शास्त्र्याकडे, छंद वारकऱ्यांचा, फराळ दिवाळीचा, शिष्य बालकवि, आणि १९१५ सालीं मराठी नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपद. यांतील कोणती गोष्ट महाराष्ट्राबाहेरची म्हणावी? अस्सल कागद कोणाच्याहि घरांतला असो, तो अस्सलच, ही शिकवण राजवाड्यांपासून आपणांस मिळाली आहे. ती आपण सरदारांच्या दप्तरांपुरती पाळली, आणि शिक्षक, उपदेशक व त्यांच्या लिहित्या बायका यांच्या पेट्यांपाशीं येऊन विसरलों.

सबब विनंति अशी. नाशिक व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत जुनीं मराठी ख्रिस्ती घरें आहेत. तेथें भजनांच्या वह्या, लग्नपत्रिकांमागें उतरलेलीं पदें, मासिकांकडून साभार परत आलेले लेख, 'ज्ञानोदया'चे सुटे अंक आढळल्यास ते तुच्छ लेखूं नयेत. वही घेतांना मागील पानांचा हिशेब फाडूं नये; त्यावरून काळ ठरतो व घरची स्थिति कळते. खोडलेल्या ओळी वाचून उतराव्या. कवि त्यांतच सांपडतो. अक्षर दोन हातांचें दिसल्यास तशी नोंद करावी. दुसरा हात बहुधा बायकोचा असतो. वही विकत घेणें न जमल्यास घरधन्याच्या संमतीनें तिचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं.

मागच्या बाकावरील ती मुलगी आतां कोठें असते हें आम्हांस ठाऊक नाहीं. भेटल्यास तिला सांगूं कीं, बाई लिहीत होत्या तो वेळ कोणीं त्यांस दिलेला नव्हता. त्यांनीं तो कामाकामांमधून वेंचला होता. आणि तसाच वेळ वेंचून तुझ्या-आमच्या गांवांत आणखी कोणी लिहिलें होतें. त्यांतली एक वही आमच्या हातांत आली होती, व आम्हीं ती परत केली.