जीटी ते जीपीटी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगची शीट अनेकांनी काढलेली नसते, छापलेली असते. काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. ग्लास ट्रेसिंग, म्हणजे जीटी. मीही मारली.

यंदा दिवाळीला अहमदपूरला गेलो, तर चुलतभाऊ चॅटजीपीटीचं उत्तर मोबाइलवरून वहीत उतरवत बसला होता. सरांना असाइनमेंट हस्ताक्षरातच हवी. काच तेवढी बदलली होती.

याला आळस म्हणून मोकळं होता येईल. पण मुळं लांब जातात. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर निघालं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं फक्त परीक्षा घ्यायची. त्याचा स्वतःचा समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो थेट १९१९ मध्ये.

आमचं अहमदपूर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उघडलं आणि ते उर्दूतून शिकवायचं. त्यासाठी आधी भाषांतराचं खातं काढून पुस्तकं तयार केली गेली. नवं माध्यम आणायचं तर आधी शिकवण्याची तयारी, हा क्रम मला फार आवडतो. (मराठी घरातल्या पोरांना ती उर्दू किती जड गेली असेल, हा वेगळा विषय.)

पुढे १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं, १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. विद्यापीठ घराजवळ आलं, पण ढाचा मुंबईचाच राहिला: संलग्न कॉलेजं, नंबर टाकलेली उत्तरपत्रिका, अनोळखी तपासनीस. त्या अनोळखीपणाचे उपकारही आहेत. आडनाव न बघता मार्क पडतात. आमच्या घरातली पहिली पदवी तशीच आली.

पण तपासणाऱ्याला पोरगं माहीत नसेल, तर त्याच्या हातात उरतो फक्त कागद. म्हणून गाइडं खपली, ‘अपेक्षित’ प्रश्नसंच खपले. ‘टीपा लिहा’चं उत्तर पाठ करून उतरवणं हीच परीक्षा झाली. यंत्रंही आली ती कागदाच्याच बाजूनं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. २०२० मध्ये कोरोनात अंतिम वर्षाची परीक्षा घरबसल्या, पर्याय निवडून झाली. प्रश्न काय विचारायचे, याला दोन्ही वेळा फारसा हात लागला नाही.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी खुलं झालं आणि ‘टीपा लिहा’ला फुकटात, न थकणारा लेखनिक मिळाला. मी रोज कामावर हेच वापरतो. कोड त्यानं लिहिला तरी रिव्ह्यूला ‘ही ओळ का?’ विचारतात, तेव्हा उत्तर मलाच द्यावं लागतं. कॉलेजात ती जागा तोंडी परीक्षेची. आणि तीच आपण दोन मिनिटांत उरकतो.

भावाची वही घेऊन मी एका वाक्यावर बोट ठेवलं. ‘म्हणजे काय रे?’ त्याला सांगता येईना. मग त्यानंच विचारलं, ‘दादा, तुमची जीटी सरांना कळाली नव्हती का?’

कळाली होती. तोंडी परीक्षेत त्यांनी पेन्सिल पुढे केली आणि म्हणाले, ‘हा कोपरा पुन्हा काढून दाखव.’